पश्चिमेकडे पाठ केलेलं घर

भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्यावर, माझ्या सासऱ्यांच्या वाट्याची वरकस जमीन आहे. पूर्वी तिथे नाचणी-वरई व्हायची. पुढे माणसं पुण्या-मुंबईला गेली, नांगर थांबला आणि तालींवर, म्हणजे उतारावर बांध घालून केलेल्या टप्प्यांवर, कुसळी गवत माजलं. जमीन उतरते पश्चिमेकडे. खाली धरणाचं पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगा आणि संध्याकाळी त्यांच्यामागे जाणारा सूर्य. जागा पाहायला आलेला प्रत्येक जण एकच सल्ला द्यायचा: पाण्याच्या बाजूला सगळी काच लावा आणि पुढे लाकडी डेक काढा.

आज आमच्या घराला त्या बाजूला एक जाड दगडी भिंत आहे. तिच्यात तीन लहान खिडक्या आहेत आणि त्यांना लोखंडी झडपा. डेक नाही. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं, आणि डोंगरउतारावर घर बांधू पाहणारे ओळखीचे लोक आवर्जून विचारतात की असं का केलं. ऊन आणि पाऊस यांचा विचार सगळेच करतात. वणव्याचा विचार करून घराचा आराखडा काढणारे फार कमी भेटले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वणवा या भागाला नवा नाही. पावसाळा संपता संपता कुसळी कंबरेइतकी झालेली असते. दिवाळीनंतर ती पिवळी पडते आणि संक्रांतीपासून खडखडीत वाळते. तिथून वळवाच्या पावसापर्यंत कधीही आग लागू शकते आणि बहुतेक वेळा ती माणसाच्या हातूनच लागते. कुणी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतो, आणि वारं सुटतं. कुणी बांध पेटवतो, कुणी बिडीचं थोटूक टाकतो, कुठे लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा एकमेकींना लागतात. डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, हा समजही अजून पक्का आहे. जळालेल्या उतारावर कोवळं हिरवं लवकर डोळ्यांत भरतं, हे खरं. पण उघडी पडलेली माती त्याच पावसात ओढ्याला लागते, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं त्याआधीच गेलेली असतात. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. तरी दर उन्हाळ्यात रात्री समोरच्या डोंगरावर लाल रेघ दिसतेच.

वाडीतल्या एका मावशींनी मला वणव्याची पहिली गोष्ट शिकवली. त्यांचं आयुष्य याच उतारावर गुरं राखण्यात गेलं. म्हणाल्या, "आग चढाला पळती, उताराला रांगती. घर बांधाल तर खालनं काय येतंय ते बघून बांधा." नंतर वाचताना कळलं की अग्निशमनाचं शास्त्रही हेच सांगतं. चढणीवर ज्वाळा पुढच्या गवतावर कलतात, गरम हवा वर जाताना ते गवत आधीच सुकवून तापवते, आणि मग ते एका क्षणात पेट घेतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा चढावरचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आडाखा आहे. आमच्या घराची जागा बरीच सौम्य आहे, पण तिच्या खाली एक घळ आहे आणि तिचा उतार चांगलाच उभा. म्हणजे घळीत लागलेली आग घरापर्यंत पोचेपर्यंत भरात आलेली असणार.

आपली राष्ट्रीय इमारत संहिता इमारतीत लागणाऱ्या आगीबद्दल, जिन्यांबद्दल, सुटकेच्या वाटांबद्दल तपशिलात बोलते. डोंगरावरून चालून येणाऱ्या आगीसाठी मात्र आमच्या आर्किटेक्ट मॅडमनी दोन परदेशी नियमावल्या समोर ठेवल्या. एक कॅलिफोर्नियाची, वणवाप्रवण भागातल्या नव्या घरांना २००८ पासून लागू झालेली. दुसरी ऑस्ट्रेलियाची, ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी १७३ माणसं घेतली, त्यानंतर ती कडक झाली. हवामान वेगळं, झाडं वेगळी, घरंही वेगळी. पण दोन्हींच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे आणि ते आपल्यालाही लागू पडतं. घरं बऱ्याचदा ज्वाळा थेट भिडून पेटत नाहीत, वाऱ्यावर आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. ठिणगी कौलाच्या फटीत शिरते, पन्हाळीतल्या वाळक्या पाल्यात पडते, माळ्याच्या झरोक्यातून आत जाते आणि वणवा पुढे निघून गेल्यावर तासाभराने घर पेटतं. गवताची आग एका जागी फार वेळ थांबत नाही, मिनिटभरात पुढे सरकते. तेव्हा घराला मिनिटभराची धग सोसता आली पाहिजे आणि पुढचे काही तास ठिणग्यांना आत वाट मिळता कामा नये. आमच्या सगळ्या आराखड्याचा पाया हा होता.

मॅडमनी पहिल्याच बैठकीत घराचा नकाशा काढलाच नाही. जागेची समोच्च, म्हणजे सारख्या उंचीच्या, रेषांची मोजणी आली होती, तिच्यावर त्यांनी तीन रंगांच्या पेन्सिलींनी बाण काढले. लाल बाण आगीचा: घळीतून वर, म्हणजे पश्चिमेकडून, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर वाराही पश्चिमेचाच. पिवळा बाण उन्हाचा, तोही पश्चिमेकडून. निळा बाण पावसाचा, नैर्ऋत्येकडून तिरका. तिन्ही बाण एकाच बाजूला येऊन थांबले आणि त्याच बाजूला आमचं धरणाचं पाणी. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घराला एकच भिंत नीट बांधायची आहे. ती नीट झाली तर बाकीच्या तीन बाजू मोकळ्या ठेवता येतील." नवरा बराच वेळ गप्प होता. त्याला ते पाणी लहानपणापासून घरातून पाहायचं होतं.

उन्हाचं गणित त्यांनी तिथेच समजावलं. आमचा अक्षांश साधारण सव्वाअठरा. डिसेंबरअखेरीस दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला जातो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर अडीच-तीन फुटांचा छज्जा असला की उन्हाळ्याचं ऊन बाहेर राहतं आणि थंडीतलं कोवळं ऊन आत येतं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. काच कितीही महागडी घेतली तरी एप्रिलच्या चार वाजता तिच्यामागे बसवत नाही. मग त्या काचेसाठी वातानुकूलन, वातानुकूलनासाठी मोठं वीजबिल, आणि वणवा आला की तीच काच सगळ्यात आधी तडकणार. साधी काच मधोमध तापते, चौकटीत दडलेली तिची कड थंड राहते आणि त्या फरकाने ती फुटते.

तेव्हा राहत्या खोल्या पूर्वेला आणि उत्तरेला गेल्या. पश्चिमेच्या भिंतीला लागून धान्याची खोली, न्हाणीघर आणि माळ्याचा जिना आला. या जागा तापल्या तरी कुणाची झोप मोडत नाही. पाणी पाहण्यासाठी वायव्य कोपऱ्यावर दगडी ओटा बांधला. घरातून चार पावलं बाहेर यावं लागतं, पण आल्यावर डोंगर पुरा दिसतो.

आता त्या भिंतीबद्दल. दगडी घर थंड असतं, असं आपण सहज म्हणतो. काळा दगड उष्णता अडवत नाही, ती उशिरा पोचवतो. दीड फुटी भिंतीवर संध्याकाळी तापलेलं ऊन कित्येक तासांनी, ऐन झोपेच्या वेळी आत उतरतं. जुने वाडे थंड वाटतात त्याला चौक, लहान खिडक्या, उंच छत आणि रात्रीची खेळती हवा ही सगळी कारणं आहेत. नुसत्या दगडाला श्रेय देऊन उपयोग नाही. म्हणून आमची पश्चिमेची भिंत दुहेरी आहे. बाहेर सव्वा फुटाचा काळा दगड, मग दोन इंचांची पोकळी, आत चार इंची वीटकाम, आणि दोन्ही अंगं जोडायला गंज न धरणाऱ्या पट्ट्या. ऊन, पाऊस आणि धग दगड घेतो. पोकळीमुळे ते कमीच पुढे जातं. पोकळीचं तोंड वर पूर्ण बंद आहे आणि खाली ओल बाहेर पडायला ठेवलेल्या भोकांना बारीक जाळी आहे, कारण ठिणगीला तेवढी वाटही पुरते.

दगडकामात एका बाबतीत मॅडमनी अजिबात सूट दिली नाही. ठरावीक अंतरावर दगडी थराच्या आरपार जाणारे लांब दगड हवेत, आणि जोत्यावर, खिडक्यांच्या वर व छताच्या पातळीवर काँक्रीटचे सलग पट्टे हवेत. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटून माणसं त्याखाली गेली. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो. आगीला भक्कम ठरणारी भिंत भूकंपात अंगावर येणार असेल तर ती काय कामाची?

बाकीच्या तीन भिंती विटांच्या, रॅट ट्रॅप बाँडच्या. यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी रचतात, त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळ्या राहतात. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत केरळात रुजवली. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि भिंत उन्हाला जास्त अडवते. आमच्या मिस्त्रींनी असं काम कधी केलं नव्हतं. पहिल्या थरावर थापी आपटून म्हणाले, "ताई, ही भिंत पोकळ वाजती. उद्या पडली तर नाव आमचं." मॅडमनी त्यांना कोपरे कसे भरायचे, सळई कुठे सोडायची, हे स्वतः वीट हातात घेऊन दाखवलं. पुढे हेच मिस्त्री शेजारच्या गावात दुसऱ्याला ही पद्धत पटवत होते.

सगळ्यात जास्त चर्चा छपरावर झाली. मला मंगळुरी कौलं हवी होती. लाकडी वाशांवर कौलं म्हणजे खालून गार, पावसात सुंदर आवाज, आणि कोसळत्या पावसाचं पाणी झटकन वाहून जातं. पण कौलांमध्ये फटी असतात. मिस्त्रींना ते पटत नव्हतं, "मातीचं कौल जळतं का कुठं?" तेव्हा आम्ही अंगणात छोटा नमुना केला. चार वाशांवर कौलांच्या काही ओळी मांडल्या, खाली पाटीभर वाळका पाला ठेवला. समोर गवताची पेंढी पेटवली आणि मिस्त्रींच्या बायकोने सुपाने वारा घातला. ठिणग्या वळचणीच्या बाजूने, शेवटच्या ओळीच्या अर्धगोल तोंडांतून सरळ आत गेल्या. थोड्या वेळाने पाल्यातून धूर यायला लागला. मग तीच तोंडं चुन्याच्या गिलाव्याने बंद केली आणि पुन्हा पेंढी पेटवली. या वेळी पाला तसाच राहिला. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण त्यानंतर छपराची एकेक फट ते स्वतः शोधून बुजवत होते.

शेवटी छप्पर असं झालं: उतरता फिलर स्लॅब, म्हणजे काँक्रीटच्या खालच्या भागात जिथे त्याचं काही काम नसतं तिथे जोडीजोडीने कौलं घालून ओतलेला स्लॅब. काँक्रीट वाचतं, आणि खालून पाहिलं की कौलं दिसतात. पण एवढ्याने ऊन थांबत नाही. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची निवासी इमारतींसाठीची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, अशी तिची मर्यादा आहे. उघडा स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. तेव्हा स्लॅबवर काहीतरी उष्णतारोधक हवं, आणि नेमकी इथे वीज वाचवणं आणि आगीपासून बचाव यांची टक्कर होते. बाजारात सहज मिळणारा आणि स्वस्त पर्याय थर्मोकोलच्या जातीचा. तो उन्हाला फार चांगला, पण धगीने वितळतो आणि जळतो. रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर, जळत नाही, मात्र आमच्याकडच्या पावसात ते एकदा भिजलं की निकामी. आम्ही चार इंची एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे, स्लॅबवर अंथरले. ते जळत नाहीत, वजनाला हलके असतात आणि हिशेब १.२ च्या आत बसला. ते घसरू नयेत म्हणून वळचणीला स्लॅबचीच उभी कड ओतली. त्यावर जलरोधक थर, आणि सगळ्यात वर चुन्यात बसवलेली कौलं, तोंडं बंद करून. पावसाचा आवाज तेवढा हरवला. त्याची हळहळ मला अजून वाटते.

छज्जे तीन फुटांचे, कारण पावसाला आणि उन्हाला ते हवेतच. आगीच्या दृष्टीने रुंद छज्जा धोक्याचा, कारण भिंतीवरून चढणारी गरम हवा त्याच्याखाली कोंडते आणि तिथे लाकूड असेल तर ते पेटतं. आमच्या छज्ज्याखाली स्लॅबचाच तळ आहे. वासा नाही, फळी नाही, फट नाही.

गरम हवा बाहेर जायला घराच्या माथ्याशी झरोके लागतातच. पंख्यांवर उन्हाळा काढायचा तर रात्री खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर, हा प्रवाह हवा. कॅलिफोर्नियाच्या नियमात झरोक्याच्या जाळीची भोकं साधारण दीड ते तीन मिलिमीटरच्या मध्ये असावीत असं आहे. त्याहून मोठी असतील तर ठिणग्या आत येतात, फार बारीक असतील तर धुळीने बुजतात. आम्ही स्टेनलेस स्टीलची दीड मिलिमीटरची जाळी घेतली. नायलॉनची मच्छरदाणीवाली जाळी एका ठिणगीने विरघळते, हे पेंढीवर धरून पाहिलं होतं. झरोके उत्तरेला आणि पूर्वेला आहेत, आणि वाऱ्याच्या दिवसांत बंद करता येतील अशा लोखंडी झडपा त्यांना आहेत. एप्रिलमध्ये सकाळी आठला सगळं बंद आणि सूर्य डोंगराआड गेला की सगळं उघडं, हा आता घरातला रिवाज आहे. बाहेर ३८ असताना मधल्या खोलीत ३१-३२ राहतं. एसी बसवलेला नाही, त्यासाठी वायरही ओढलेली नाही.

जमिनीच्या बाबतीत मी स्वतः फार सावध होते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात दरड कोसळून माळीण गाडलं गेलं आणि दीडशेवर माणसं गेली. २०२१ मध्ये महाडजवळ तळीये, २०२३ मध्ये खालापूरजवळ इर्शाळवाडी. डोंगर हलतो तेव्हा आगीपासून वाचवलेलं घरही जातं. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नसते, ते योग्यच आहे. १:५ म्हणजे साधारण ११ अंश. आमची जागा त्याहून सौम्य असल्याचं मोजणीत आलं, तरी जेसीबीवाल्याचा आग्रह होता की डोंगर कापून मोठा सपाट चौथरा करू. आम्ही नाही म्हटलं. आजेसासऱ्यांच्या वेळच्या दोन ताली जवळजवळ होत्या, त्यांच्यावरच दोन टप्प्यांचं जोतं बसवलं. स्वयंपाकघरातून बैठकीत उतरायला चार पायऱ्या आहेत. खांबांवर उचललेलं घर उतारावर कमी खोदाईत होतं आणि मातीला कमी दुखवतं, म्हणून तो पर्यायही पाहिला होता. पण खालून चढणाऱ्या आगीसाठी घराखालची पोकळी ही आयती भट्टी. तेव्हा जोतं भरीव.

घराच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर खणला आणि तो दगडाने बांधून ओढ्याला जोडला. आधाराच्या पौळी कोरड्या दगडांच्या ठेवल्या, सिमेंट न घालता, म्हणजे मागे साचलेलं पाणी दगडांतून पाझरून जातं. ज्या सिमेंटच्या भिंतींना पाणी जायला भोकं नसतात त्या एखाद्या श्रावणात पोट काढून कोसळतात, हे या रस्त्यावर जाता-येता दिसतं.

आणि इथेच सगळ्यात अवघड प्रश्न आला. आगीसाठी उतार साफ हवा आणि माती धरून ठेवायला उतारावर मुळं हवीत. झाडोरा उपटून टाकला तर वणवा टळेल आणि पावसात जमीन जाईल. याचं उत्तर मावशींच्या विळ्यात निघालं. गवत उपटायचं नाही, जाळायचं नाही, कापायचं. मुळं जागेवर राहतात, वरचं सरपण जातं. वन विभाग उन्हाळ्याआधी गवत काढून जाळपट्टे, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढतो, त्याच कल्पनेचा हा आमचा कापणीपट्टा. भिंतीपासून पाच फूट जळण्यासारखं काहीही नाही, फक्त फरशी आणि खडी. तुळशीवृंदावन आहे, ते दगडी. त्यापुढे साधारण तीस फूट झाडं सुटी सुटी, खालच्या फांद्या छाटलेल्या, म्हणजे गवताची आग शेंड्यापर्यंत चढत नाही. तिथून शंभर फुटांपर्यंत, घळीच्या बाजूला त्याहूनही पुढे, डिसेंबरात गवत कापलं जातं. वाडीतली माणसं ते आपल्या गुरांसाठी नेतात. आंबा, उंबर, करंज ठेवले. बांबूचं बेट घराजवळ नको म्हणून दूर ओढ्याकाठी लावलं. एक जुना साग पश्चिमेला होता, त्याचा पाला ऐन उन्हाळ्यात पन्हाळीत पडायचा. झाड तोडलं नाही, पन्हाळीच काढून टाकल्या. छपराचं पाणी आता खाली दगडी गटारात पडतं आणि तिथून वरच्या टाकीत चढवलं जातं.

टाकी घराच्या वर, काँक्रीटची. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर होतात, आणि इथे पाऊस भरपूर, त्यामुळे टाकी जूनमध्येच भरते. ती वर ठेवण्याचं कारण आगीच्या दिवशी वीज नसते. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याला पंपाशिवाय एक बार दाब मिळतो. तेवढ्यात भिंत आणि फरशी ओली करता येते. उघड्यावरचे सगळे नळ लोखंडी आहेत. काळे प्लॅस्टिक पाइप वणव्यात सगळ्यात आधी जातात आणि नेमकं पाणी हवं तेव्हा वाट बंद होते.

सोलर पॅनेल छपरावर न लावता या टाकीच्या स्लॅबवर लावली, कारण पॅनेल आणि कौलं यांच्यामधल्या जागेत पाला साचतो. तीन किलोवॉटच्या यंत्रणेला पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं. शेवटच्या खांबापासून घरापर्यंत वीज जमिनीखालच्या केबलने आणली, आमच्या गवतावर लोंबणारी तार नको म्हणून.

खर्चाचं थोडक्यात सांगते. दुहेरी भिंत आणि छपराचे थर यांनी खर्च वाढवला. काच, डेक आणि एसी यांचा वाचला. कंत्राटदाराच्या मूळ अंदाजापेक्षा आम्ही थोडे वर गेलो. गवतकापणी हा दर वर्षीचा खर्च आहे आणि तो कधीच संपणार नाही.

राहायला आल्यानंतरच्या मार्चमध्ये दुपारी तीनच्या सुमारास घळीतून धूर आला. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या उपग्रहावर आधारित आगीच्या सूचनांसाठी मी नाव नोंदवलं आहे, पण उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो. आधी कळलं ते वाडीतल्या ओरड्याने. नवऱ्याने झडपा लावल्या, मी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. वाडीतली पोरं हिरवे डहाळे घेऊन धावली. घळीत ज्वाळा माणसापेक्षा उंच होत्या आणि आवाज इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. कापलेल्या पट्ट्यात शिरल्यावर आग वीतभर झाली, पोरांनी ती डहाळ्यांनी झोडपली आणि राहिलेली दक्षिणेच्या ताली धरून निघून गेली. ठिणग्या मात्र अंधार पडेपर्यंत येत होत्या. सकाळी पाहिलं तर पश्चिमेची भिंत आणि फरशी मिळतात त्या कोपऱ्यात वाऱ्याने जळक्या काड्यांचा बोटभर थर गोळा केला होता. झरोक्यांच्या जाळीतही बाहेरून काळे तुकडे अडकले होते. आत काही नव्हतं.

दक्षिणेच्या शेजाऱ्यांची मात्र झऱ्यावरून आणलेली सगळी पाइपलाइन वितळली आणि दोन वर्षांची आंब्याची रोपं गेली. आमच्या पट्ट्याने वळवलेली आग त्यांच्याकडे गेली, ही गोष्ट मला फार लागली. एका हद्दीत आखलेला पट्टा डोंगराला पुरत नाही. तेव्हा या डिसेंबरात पट्टा घळीच्या काठाकाठाने त्यांच्या तालींपर्यंत आणि तिथून वाडीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचं ठरलं आहे. मजुरी आम्ही देणार, गवत ज्याला हवं त्याने न्यायचं. राब भाजायचा दिवस आधी एकमेकांना कळवायचा आणि तो सकाळी, वारं सुटायच्या आत भाजायचा. झऱ्यापासूनचा नळ या वेळी लोखंडी घालावा, असा अर्ज ग्रामपंचायतीकडे दिला आहे. दगडी भिंतीची आणि बंद वळचणीची माहिती शेजारच्या दोघांनी नेली आहे. त्यांच्या जुन्या कौलारू घरांच्या वळचणी बुजवायला आमचेच मिस्त्री पुढच्या महिन्यात येताहेत.